एकाच पेअरवर डेटा आणि हुकूम : प्रकल्प नोंदी

७ जून २०२५

आजपासून वही सुरू. प्रकल्प तंत्रनिकेतनाच्या दूरसंचार प्रयोगशाळेसाठी आहे, पण काम माझ्या घरच्या बाकावर चालेल. इथे प्रयोग मांडून ठेवला तर दुसऱ्या दिवशी तसाच सापडतो. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाच्या दोघी सोबत आहेत. माझी सगळी नोकरी एक्सचेंजमध्ये गेली. त्या दोघींच्या घरी लँडलाइन कधी नव्हतीच.

प्रश्न असा मांडला आहे. लांबच्या पंपघरापर्यंत तांब्याची एकच पेअर, म्हणजे दोन तारांची जोडी, गेली आहे. पंपघरातली पेटी त्या पेअरवरून नियंत्रणकक्षातल्या मोडेमला (डेटा सुरांच्या रूपात टेलिफोन लाइनवर नेणाऱ्या यंत्राला) फोन लावते आणि टाकीची पातळी, मोटरचा करंट असे आकडे पाठवत राहते. ते चालू असताना पंपचालकाला नियंत्रणकक्षातल्या माणसाशी बोलायचे आहे. कॉल तुटता कामा नये. पेटीने स्विचला, म्हणजे फोन जोडून देणाऱ्या एक्सचेंजच्या यंत्राला, सांगायचे की मोडेमला थांबवून ठेव आणि माणसाचा फोन जोड. बोलणे संपले की पुन्हा मोडेम. म्हणजे डेटा चालू असताना, लांबून, त्याच दोन तारांवरून स्विच हलवायचा.

मोबाइल असताना हे कशाला, असे दोघींपैकी एकीने लगेच विचारले. विचारायलाच हवे होते. माझे उत्तर असे की टेलिफोनीतला सर्वांत जुना आणि सर्वांत सुंदर प्रश्न इथे उघड्यावर दिसतो. एकाच तारेवरून माल जातो आणि हुकूमही जातो. समोर आलेला आवाज माल आहे की हुकूम, हे स्विचने ओळखायचे कशावरून?

एक नियम भिंतीवर लिहून लावला: बाकावरची कोणतीही वस्तू सार्वजनिक लाइनला जोडायची नाही. एक्सचेंज आपले, पेअर आपली, दोन्ही टोके आपली.

१४ जून

पुण्याला जाऊन बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांतून सामान आणले. एमटी८८७० हा डीटीएमएफ (फोनचे बटण दाबल्यावर निघणारे दोन सुरांचे अंक) ओळखणारा आयसी, टोन काढणारा यूएम९१२१४, ६०० ओहमचे लाइन ट्रान्सफॉर्मर, पाच व्होल्टचे रिले, ऑप्टोकप्लर. ३.५७९५४५ मेगाहर्ट्झचे क्रिस्टल अजूनही मूठभर पैशांत मिळतात. हा आकडा अमेरिकी रंगीत टीव्हीच्या कलर सिग्नलचा. टीव्हीसाठी लाखोंनी बनला म्हणून स्वस्त झाला, आणि स्वस्त म्हणून टेलिफोनच्या आयसींनी तोच धरला.

भंगारात निघालेले दोन बाहेरचे सिरियल मोडेम आणि बाहेरच्या दोन लाइन व आतली आठ एक्स्टेंशन असलेला छोटा ईपीएबीएक्स (कार्यालयातले खासगी एक्सचेंज) आधीच हाताशी होता. एक्स्टेंशनची वाटणी: २१ पंपघर, ३१ नियंत्रणकक्षाचा मोडेम, ३२ नियंत्रणकक्षाचा फोन.

पंपघर लांब आहे हे दाखवायला २१ च्या पेअरमध्ये कृत्रिम लाइन घातली. अर्ध्या मिलिमीटरच्या तांब्याच्या पेअरला किलोमीटरमागे सुमारे १७० ओहम लूप रेझिस्टन्स आणि ५० नॅनोफॅरडच्या आसपास कपॅसिटन्स धरला. तीन किलोमीटरसाठी असे तीन तुकडे जोडले. हँडसेट उचलून डायल टोन ऐकला. थोडा दबका, पण स्वच्छ. खूप दिवसांनी बरे वाटले.

१५ जून

दोघींना आज फक्त इतिहास सांगितला, कारण पुढची सगळी रचना त्यातूनच येते.

लांबून टेलिफोन स्विच हलवणे ही कल्पना मोडेमच्या कितीतरी आधीची. ऑल्मन स्ट्राउजर हा कॅन्सस सिटीचा अंत्यविधीचे सामान पुरवणारा व्यावसायिक. त्याच्या स्वयंचलित स्विचला १८९१ मध्ये पेटंट मिळाले आणि १८९२ मध्ये इंडियाना राज्यातल्या ला पोर्ट गावात त्यावरचे पहिले एक्सचेंज सुरू झाले. सुरुवातीला हुकूम देण्यासाठी ग्राहकाच्या घरी बटणे आणि जादा तारा असत. १८९६ च्या सुमारास फिरती तबकडी आली. पुढे बोलण्याच्या त्या दोन तारांवरच लूप (दोन तारांतून फिरणाऱ्या करंटचे बंद मंडल) तोडून-जोडून अंक पाठवता येऊ लागले. हुकूम डीसीवर, बोलणे एसीवर. एकाच पेअरवर असूनही दोघांची गाठ पडत नाही.

पण एक्सचेंजांना जोडणाऱ्या ट्रंक लाइनवर, एकाच वेळी अनेक बोलणी नेणाऱ्या कॅरिअर यंत्रणा आल्या आणि एका वाहिनीला ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढीच जागा उरली. डीसी त्यातून जातच नाही. मग हुकूमही आवाजातच द्यावा लागला. अमेरिकेत बेल सिस्टिमने ट्रंक मोकळी असल्याची खूण म्हणून २६०० हर्ट्झचा टोन धरला. बोलण्याच्या पट्ट्यात हुकूम आला आणि तिथून पुढचे सगळे कोडे सुरू झाले. तोच टोन ग्राहकाने शिट्टीने किंवा पेटीने काढला तर ट्रंक त्याच्याही हुकमाला बधायची. १९६० आणि ७० च्या दशकांतल्या ब्लू बॉक्सचे, म्हणजे फुकट कॉल लावणाऱ्या अशा पेट्यांचे, मर्म एवढेच. त्यावरचा खरा उपाय म्हणजे हुकमाला वेगळी वाट देणे. अमेरिकेत १९७६ पासून ती वाट घालायला सुरुवात झाली, आणि १९८० च्या सुमारास सिग्नलिंग सिस्टिम क्रमांक ७ चे मानक आले.

आमच्याकडे वेगळी वाट नाही. एकच पेअर आहे. म्हणून जुन्या लोकांनी जे केले ते सगळे आम्हाला समजून घ्यावे लागेल.

२१ जून

पहिली गोष्ट सिद्ध केली: कॉल लागल्यावर स्विच अंक ऐकत नाही.

२१ वरून ३१ ला फोन लावला, बोलणे सुरू असताना २१ वरून ३२ दाबले. काहीही झाले नाही. पलीकडे फक्त दोन सूर ऐकू आले. दोघींना हे विचित्र वाटले, पण कारण साधे आहे. अंक ओळखणारा रिसीव्हर महाग, म्हणून तो प्रत्येक लाइनला कायमचा नसतो. हँडसेट उचलला की मोजक्या रिसीव्हरपैकी एक त्या लाइनला जोडला जातो, अंक संपले की सुटून दुसऱ्याकडे जातो. सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेचे १२८ लाइनचे रॅक्स, म्हणजे १९८६ मध्ये कर्नाटकातल्या कित्तूरला पहिल्यांदा बसलेले ग्रामीण एक्सचेंज, त्यातही हाच विचार होता. खेड्यात वातानुकूलनाशिवाय चालणाऱ्या त्या यंत्रात एकही घटक उगाच नव्हता.

लाइन कार्ड मात्र एक गोष्ट अखंड पाहत असते: लूपमध्ये करंट आहे की नाही. वाड्याच्या देवडीवरचा पहारेकरी आत काय बोलणे चालले आहे ते ऐकत नाही, त्याचे लक्ष दिंडीदरवाजावर असते. स्विच तसाच. म्हणून चालू कॉलमध्ये त्याचे लक्ष वेधायचे तर आवाज उपयोगाचा नाही, लूप क्षणभर तोडावा लागतो. त्यालाच आपण फ्लॅश म्हणतो. फ्लॅश मिळाला की स्विच चालू कॉल बाजूला ठेवतो, अंकांचा रिसीव्हर पुन्हा जोडतो आणि डायल टोन देतो.

दोन रचना ठरवल्या. पहिली: आधी फ्लॅश, मग अंक. दुसरी: आमचा स्वतःचा एमटी८८७० लाइनवर कायमचा टांगून ठेवायचा आणि डेटा चालू असतानाच अंक पकडायचे. दुसरीत कॉल थांबवावाच लागत नाही, म्हणून दोघींना ती जास्त आवडली. दोन्ही करून पाहायच्या.

२९ जून

फ्लॅशचे मोजमाप. मोडेमकडून फ्लॅश मागायचा नाही असे ठरवले. डायल करताना उद्गारचिन्ह दिले की मोडेम फ्लॅश देतो, पण चालू डेटा कॉलच्या मध्ये त्याच्या वागण्यावर विसंबायला नको. त्यापेक्षा लाइनच्या एका तारेत रिले मालिकेत घातला आणि आर्डुइनो नॅनो या छोट्या नियंत्रक बोर्डाने तो ठरावीक वेळ उघडला.

किती वेळ उघडायचा? खाली मर्यादा आहे आणि वरही. तबकडीच्या पल्सिंगमध्ये सेकंदाला १० पल्स, आणि प्रत्येकात लूप साधारण ६० ते ६७ मिलीसेकंद तुटलेला असतो. फ्लॅश तेवढाच आखूड ठेवला तर स्विच त्याला एक हा अंक समजेल. फार लांबवला तर फोन ठेवला असे समजून कॉल सोडून देईल. या दोहोंमध्ये जी खिडकी आहे ती प्रत्येक स्विचची वेगळी. आमच्या ईपीएबीएक्सला ६०० मिलीसेकंद मानवतात. युरोपातली बरीच यंत्रे १०० च्या आसपास मागतात, अमेरिकी त्याहून कितीतरी जास्त. एकाच बटणावर एकच शब्द छापलेले फोन या देशातून त्या देशात नेले की गडबड होते ती यामुळे.

ऑसिलोस्कोपवर ऑप्टोच्या बाजूने लूप पाहिला. आमच्या स्विचचे व्होल्टेज २४ च आहे, मोठ्या एक्सचेंजसारखे ४८ नाही, तरी कडा स्वच्छ आहेत. रिलेचे कॉन्टॅक्ट बंद होताना थोडे नाचतात, पण काही मिलीसेकंदच. ते पल्ससारखे दिसत नाही.

५ जुलै

पंपघराच्या पेटीतली जोडणी पूर्ण. एक रिले फ्लॅशसाठी. दुसरा चेंजओव्हर: लाइन एकतर मोडेमला, नाहीतर टोन जनरेटर आणि लूप धरून ठेवणाऱ्या रेझिस्टरला. तिसऱ्याने हँडसेट जोडला जातो.

चेंजओव्हर का लागतो हे नीट लिहून ठेवायला हवे. फ्लॅशनंतर स्विच अंक ऐकायला बसतो, पण आमचा मोडेम लाइनवर असेल तर तो स्वतःचा सूर काढतच राहतो. डीटीएमएफ रिसीव्हरला दोनच सूर हवे असतात, एक खालच्या गटातला आणि एक वरच्या. तिसरा आला की तो अंक नाकारतो. तेव्हा अंक जाईपर्यंत मोडेम बाजूला काढावाच लागतो. तो लाइनवरून सुटला की काही मोडेम लूप गेला म्हणून फोन ठेवतात. त्यासाठी त्याला बॅटरी आणि रेझिस्टरचा छोटा वेगळा लूप दिला. त्याच्या दृष्टीने लाइन जागेवरच आहे, फक्त पलीकडचा गप्प झाला आहे.

उद्या आषाढी एकादशी. काम बंद.

१२ जुलै

पहिला पूर्ण प्रयोग. २१ वरून ३१ ला डेटा कॉल, सेकंदाला ३३.६ किलोबिटच्या वेगाने जोडणी. पेटीने फ्लॅश दिला, ३२ दाबले, ३२ ची घंटी वाजली, बोलणे झाले, पुन्हा फ्लॅश, स्विचने ३१ परत दिला. स्विचने आपले काम चोख केले. डेटा मात्र परतला नाही, ३१ चा मोडेम केव्हाच फोन ठेवून मोकळा झाला होता.

याला दोन कारणे आहेत आणि ती वेगवेगळी सोडवावी लागतात.

एक, रजिस्टर एस१०, म्हणजे मोडेममधली एक सेटिंग. कॅरिअर (पलीकडच्या मोडेमचा सूर) गेल्यावर किती वेळाने फोन ठेवायचा ते यात, सेकंदाच्या दहाव्या भागात. आमच्या मोडेममध्ये मुळात १४ आहे, म्हणजे १.४ सेकंद. ६०० मिलीसेकंदांचा फ्लॅश त्यात मावतो, दोन मिनिटांचे बोलणे मावत नाही. दोन्ही टोकांना २५५ केले. आमच्या मोडेममध्ये त्याचा अर्थ कॅरिअर गेला तरी फोन ठेवू नको.

दोन, एरर करेक्शन. व्ही.४२ हे चुका दुरुस्त करणारे मानक चालू असेल तर मोडेम उत्तर न आलेली फ्रेम पुन्हा पुन्हा पाठवतो आणि ठरावीक प्रयत्नांनंतर स्वतःच जोडणी तोडतो. एस१० त्याला आवरू शकत नाही. म्हणून ते बंद केले आणि प्रत्येक नोंदीला आमचाच सीआरसी, म्हणजे चूक पकडणारा तपासणीचा आकडा, जोडला.

होल्डवरचे संगीतही ईपीएबीएक्सच्या प्रोग्रामिंगमधून बंद केले. थांबलेल्या मोडेमला ते ऐकू जाते आणि तो त्यातून अक्षरे काढत बसतो. त्याच मेनूत ३१ ला डेटा एक्स्टेंशन म्हणून नोंदवले. त्यामुळे दुसरा कोणी ३१ ला फोन करत असेल तर वेटिंगचे टोन मध्ये घुसत नाहीत. भारतातला कॉल वेटिंगचा टोन ४०० हर्ट्झचा, ०.२ सेकंदाचे दोन ठोके आणि मग साडेसात सेकंद शांतता. माणसाला तो सौम्य वाटतो, पण वेगवान मोडेमच्या सिग्नलवर पडला की अडचण होते.

१९ जुलै

वेग किती ठेवायचा यावर आज निर्णय झाला: सेकंदाला ३०० बिट. दोघी नाखूश होत्या, पण प्रयोग पाहून पटले.

३३.६ किलोबिटचे व्ही.३४ किंवा २४०० बिटचे व्ही.२२बिस हे मोडेम सुरुवातीला एकमेकांकडून लाइनचा स्वभाव शिकून घेतात. मध्ये खंड पडला की ते शिक्षण पुन्हा करावे लागते, आणि मधल्या काळात दोघांचा ताल सुटला असेल तर ते जमतेच असे नाही. ३०० बिटांच्या व्ही.२१ ला शिकायचेच काही नाही. फोन लावणारा ९८० आणि ११८० हर्ट्झ वापरतो, उत्तर देणारा १६५० आणि १८५०. एक सूर म्हणजे एक, दुसरा म्हणजे शून्य. सूर पुन्हा ऐकू आला की अक्षरे पुन्हा सुरू.

तेच दिसले. बोलणे संपवून परतल्यावर सेकंदाच्या आत पहिली स्वच्छ नोंद आली. टाकीची पातळी सांगायला सेकंदाला ३० अक्षरे भरपूर होतात. वेगवान यंत्र बिघडल्यावर सावरायला किती वेळ घेते हा प्रश्न वेगाइतकाच मोलाचा आहे, आणि पाठ्यपुस्तकांत तो येत नाही.

२ ऑगस्ट

आता दुसरी रचना, कायम ऐकणारा एमटी८८७०. यावरची नोंद लांब होणार आहे, कारण या प्रकल्पात मला सर्वांत जास्त आनंद इथे मिळाला.

आधी कागदावर. डीटीएमएफचे खालचे सूर ६९७, ७७०, ८५२, ९४१. वरचे १२०९, १३३६, १४७७, १६३३. एमटी८८७० मूळ आकड्यापासून दीड टक्का आणि वर दोन हर्ट्झ एवढा फरक हमखास स्वीकारतो आणि साडेतीन टक्क्यांपलीकडे नाकारतो. मधला पट्टा संदिग्ध.

दोन्ही मोडेम नुसतेच बसले असतील, काही पाठवत नसतील, तर लाइनवर ९८० आणि १६५० हे सूर सलग असतात. १६५० हा १६३३ पासून फक्त एका टक्क्यावर, स्वीकारला जाणारा. ९८० मात्र ९४१ पासून चार टक्के लांब, म्हणून नाकारला जाणारा. ९४१ आणि १६३३ मिळून डी होतो, म्हणजे साध्या फोनवर नसलेल्या चौथ्या स्तंभातला अंक. म्हणजे रिकामी बसलेली व्ही.२१ जोडणी डी या हुकमाच्या अगदी शेजारी राहते आणि केवळ खालच्या सुरामुळे वाचते.

मग मी दोघींना विचारले, डेटा चालू झाला की ९८० हा ९८० राहतो का? एकीने तासाभरात उत्तर आणले. इंग्रजी मोठे यू हे अक्षर आठ बिटांत पाठवले, पुढे स्टार्ट आणि मागे स्टॉप बिट लावले, की शून्य-एक-शून्य-एक अशी अखंड माळ तयार होते. यूमागे यू पाठवत राहिले तर माळ कुठेच तुटत नाही. ३०० बिटांच्या वेगात ही माळ सेकंदाला १५० वेळा पूर्ण होते. म्हणून लाइनवर ९८० आणि ११८० उरतच नाहीत. मधला १०८० येतो आणि त्याच्या दोन्ही अंगांना १५० च्या अंतरावर ९३० आणि १२३०. आणि ९३० हा ९४१ पासून फक्त १.२ टक्क्यांवर.

म्हणजे पंपघराने यूची रांग लावली आणि पलीकडचा मोडेम गप्प बसला, तर ९३० आणि १६५० मिळून, कागदावर तरी, तो डी आहे. वर व्ही.२१ मध्ये स्क्रॅम्बलर नाही, त्यामुळे नमुना जसाच्या तसा लाइनवर जातो. व्ही.२२ पासून पुढच्या मोडेमांत बिटांची सरमिसळ करून अशा माळा मोडल्या जातात.

कागदावरचा हा हिशेब बाकावर उतरतो का? बाजूचा पट्टा मूळ सिग्नलच्या साधारण आठ डेसिबल खाली असतो. मधला १०८० त्याच्याहून बराच जोरात. तेव्हा रिसीव्हरने तो नाकारावा अशी अपेक्षा होती, आणि सर्वसाधारण जोडणीत त्याने तसेच केले. मग पंपघराच्या टोकाला बसवून समोरून येणारा १६५० अटेन्युएटरने हळूहळू खाली आणला. दोन्ही सूर सारख्या जोराचे झाले त्या जागी अंक असावा असा आयसीचा पहिला अंदाज दाखवणारी ईएसटीची पिन फडफडायला लागली. गार्ड टाइमचा (सूर किती वेळ टिकला तर अंक मानायचा ते ठरवणारा) कपॅसिटर नेहमीचा ०.१ मायक्रोफॅरड होता तोवर, अंक पक्का झाल्याचे सांगणारी एसटीडीची पिन शांत राहिली. कपॅसिटर लहान करून गार्ड टाइम आखडला आणि ती अधूनमधून उठू लागली.

इथे एक सापळा आहे. अंक दाखवणारे चार एलईडी या सगळ्यात विझलेलेच होते, कारण या आयसीत डीचा कोड चारही शून्य आहे. हुकूम आला आहे हे फक्त एसटीडीच्या पाचव्या एलईडीवरून कळते. प्रयोगशाळेच्या पत्रिकेत हे ठळक लिहायचे.

३ ऑगस्ट

कालच्यावरून दुसऱ्या रचनेचे नियम ठरले. चौथ्या स्तंभातला अंक हुकूम म्हणून वापरायचा नाही. गार्ड टाइम वाढवायचा आणि अंक २०० मिलीसेकंदांचे पाठवायचे. हुकूम एका अंकाचा नसावा, ठरलेल्या क्रमाचे तीन असावेत. एवढे केल्यावर यूच्या रांगेने रात्रभरात एकही खोटा हुकूम घडवला नाही.

तरी माझा कौल पहिल्या रचनेलाच. कायम ऐकत बसणाऱ्या कानाला फसण्याची संधीही कायम असते. फ्लॅशनंतरच उघडणारा कान तेवढा वेळच सांभाळावा लागतो.

१० ऑगस्ट

दोघींनी विचारले, जुन्या ट्रंकवरच्या २६०० हर्ट्झच्या रिसीव्हरला मोडेम कसे फसवत नव्हते? प्रश्न नेमका होता.

त्या रिसीव्हरमध्ये राखण करणारे एक सर्किट असे. नेमका सूर आला की उठायचे, पण त्याच वेळी बाकीच्या पट्ट्यात ऊर्जा असेल तर हे बोलणे आहे असे मानून गप्प बसायचे. माणसाच्या आवाजात नुसता २६०० कधीच नसतो, बरोबर बरेच काही असते.

व्ही.२२ मोडेम आला तेव्हा हीच राखण त्याला आधाराला घ्यावी लागली. उत्तर देणाऱ्या मोडेमचा कॅरिअर २४०० हर्ट्झवर आणि पसारा साधारण २१०० ते २७००. ब्रिटनमध्ये ट्रंकवरचा हुकमाचा सूर २२८० हर्ट्झ होता, नेमका या पसाऱ्यात. म्हणून मानकातच सोय केली की उत्तर देणाऱ्या मोडेमने डेटाबरोबर १८०० हर्ट्झचा गार्ड टोन सोडायचा, डेटाच्या सहा डेसिबल खाली. त्या टोनमध्ये माहिती काहीच नाही. रिसीव्हरला ‘हा हुकूम नव्हे’ एवढेच सांगण्यासाठी तो अख्खा कॉलभर वाजत राहतो. मोडेमला अँपरसँड जी२ ही कमांड दिली की तो सुरू होतो. आज स्पेक्ट्रम ॲनालायझरवर तो दोघींना दाखवला. डेटाच्या दोन टेकड्यांच्या मध्ये एक सरळ काठी. मोडेमच्या पुस्तिकेत ही कमांड एका ओळीत उरकलेली असते, तिच्यामागे एवढा विचार आहे.

१७ ऑगस्ट

मोडेमचा स्वतःचा हुकूम. डेटा चालू असताना मोडेमलाच काही सांगायचे असेल तर +++ पाठवायचे. पण हीच तीन चिन्हे डेटातही येऊ शकतात. हेज कंपनीचा उपाय वेळेचा: तिन्ही चिन्हांच्या आधी आणि नंतर साधारण एक सेकंद पूर्ण शांतता हवी. ती वेळ एस१२ मध्ये, सेकंदाच्या पन्नासाव्या भागात, मुळात ५०. हेजकडे याचे पेटंट असल्याने काही उत्पादकांनी शांतता न मागणारी पद्धत वापरली. तिच्यात डेटातल्या चिन्हांमागे योग्य कमांड आली तर मोडेम निसटू शकतो.

आमच्या पेटीत ही चिन्हे डेटात कधी जातच नाहीत, सगळे आकडे सोळाच्या पायावर लिहून जातात. मोडेमला फोन ठेवायला लावायचे तर सिरियलची डीटीआर तार खाली ओढतो. ती वेगळी तार आहे. जिथे मिळते तिथे घ्यावी.

२४ ऑगस्ट

एस१० चे २५५ धोक्याचेही आहे. कॉल खरोखरच तुटला तर मोडेम लाइन धरून बसेल आणि पंपघराला फोनच करता येणार नाही. म्हणून दोन्हीकडे वॉचडॉग. पेटी बोलण्याच्या स्थितीत नसेल आणि ठरलेल्या वेळात एकही बरोबर सीआरसी आला नाही, तर डीटीआर खाली, फोन ठेवणे, थोडे थांबून पुन्हा लावणे.

रिलेंची दिशाही बदलली. वीज गेली की सगळे रिले सुटतात, आणि सुटलेल्या स्थितीत लाइन हँडसेटला जोडलेली असली पाहिजे. पंपघरात वीज नसते तेव्हाच माणसाला फोनची गरज जास्त, आणि साध्या फोनला लागणारा करंट स्विचकडूनच येतो. प्लग काढून पाहिले. हँडसेटवर डायल टोन हजर.

बुधवारी गणेश चतुर्थी. विसर्जनापर्यंत सुट्टी.

१३ सप्टेंबर

नवीन प्रश्न घेतला. आता गावागावांत लँडलाइन म्हणजे फायबरच्या डब्याचे फोनचे भोक. आत आवाजाचे पॅकेट होतात. आमची पेटी तिथे चालेल का? पाहण्यासाठी बाकावर एक एटीए (साधा फोन इंटरनेटच्या जाळ्याला जोडणारा डबा) आणि त्या जाळ्यावरचे कॉल जोडून देणारा छोटा एसआयपी सर्व्हर लावला.

जी.७११ कोडेक (आवाजाचे आकड्यांत रूपांतर करण्याची पद्धत) ठेवला तर व्ही.२१ निघते. जी.७२९ वर नाही. तो कोडेक माणसाच्या आवाजासाठी बांधलेला आहे, मोडेमचे सूर तो मोडून टाकतो. सुरुवातीचा २१०० हर्ट्झचा उत्तर टोन एटीए ओळखतो आणि प्रतिध्वनी काढणारा एको कॅन्सलर बंद करतो. इथे डेटाच जाळ्यातल्या यंत्राला हुकूम देतो आहे. मात्र नियमानुसार लाइनवर १०० मिलीसेकंदांहून जास्त शांतता झाली की कॅन्सलर पुन्हा चालू होऊ शकतो, आणि आमच्या होल्डमध्ये तशी शांतता होतेच. व्ही.२१ ची दोन्ही दिशांची फ्रिक्वेन्सी वेगळी असल्याने आम्हाला त्याचा त्रास नाही. व्ही.३४ ला झाला असता.

खरी अडचण दुसरीच. एटीएमधला डीटीएमएफ ओळखणारा कान कायम उघडा असतो. अंक ऐकू आला की तो सूर कापून टाकतो आणि त्याऐवजी अंकाचे वेगळे पॅकेट पाठवतो. यूची रांग लावली तेव्हा मधूनच एखादी नोंद सीआरसीला नापास होऊ लागली. सर्व्हरच्या लॉगमध्ये डी उमटलेला सापडला. ऑगस्टमध्ये मुद्दाम अटेन्युएटर फिरवून जे घडवावे लागले होते, ते इथे लाइनच्या नेहमीच्या पातळीवर घडले.

एटीएच्या सेटिंगमध्ये डीटीएमएफ इन-बँड, म्हणजे अंक आवाजातूनच जाऊ देणारे, केल्यावर सूर कापणे थांबले आणि नोंदी स्वच्छ झाल्या. पण मग फ्लॅशनंतरचे आमचे अंक सर्व्हरला पॅकेटने मिळत नाहीत, ते त्याने आवाजातून ओळखावे लागतात. ती सोय सर्व्हरमध्ये चालू केली.

१४ सप्टेंबर

फ्लॅशचे एटीए काय करतो ते पाहिले. अंकांच्या त्याच पॅकेट पद्धतीत फ्लॅशलाही स्वतःचा क्रमांक आहे, १६. पण आमचा एटीए तो पुढे पाठवत नाही, स्वतःच होल्ड करून स्वतःचा डायल टोन देतो. म्हणजे आता स्विच पेटीच्या शेजारीच येऊन बसला आहे. ३२ ला लावणे जमले, ३१ ला परतणे जमले, ३०० बिटांवर डेटाही परतला.

एटीएची फ्लॅश खिडकी कारखान्यातून आली तशी रुंद आहे आणि तिची खालची कड पल्सच्या फार जवळ. पुढच्या शनिवारी ती ३०० ते ८०० मिलीसेकंद करून यूच्या रांगेसकट पूर्ण चाचणी पुन्हा घ्यायची. दोघींपैकी एक प्रयोगशाळेची पत्रिका लिहायला घेते आहे, दुसरी सर्व्हरच्या बाजूने डीचे लॉग मोजणार आहे.